संस्कार, निवड आणि गुन्हा : दोष कुणाच्या पदरात घालायचा?

मागच्या व्याख्यानात आपण दैव आणि प्रयत्न हा जुना वाद पाहिला. आज त्याच वादाचं रोजच्या वर्तमानपत्रातलं रूप घेऊ. एखाद्याच्या हातून गुन्हा घडला, तर दोष त्याच्यावर झालेल्या संस्कारांचा, की त्याने स्वतः केलेल्या निवडीचा?

हा प्रश्न काही फक्त तत्त्वज्ञानाच्या वर्गातला नाही. आपल्या चंद्रपूरला, गडचिरोलीला कुठल्याही पानठेल्यावर उभे राहा, तिथे तो रोज सुटतो. एक म्हणतो, "मायबापानं वळणच नाही लावलं, तर पोट्टं काय करणार?" दुसरा म्हणतो, "काहून? त्याले समजत नव्हतं काय? अक्कल होती ना?" आणि गंमत अशी, की एकच माणूस दोन्ही वाक्यं बोलतो. दुसऱ्याच्या मुलाने काही केलं की ते त्याचे गुण असतात. आपल्या मुलाने केलं की संगत वाईट असते. म्हणजे संस्कार आणि निवड हे दोन सिद्धान्त आपण सोयीने वापरतो. आज ते सोयीने न वापरता नीट वापरायचा प्रयत्न करू.

आधी तीन प्रश्न वेगळे करू

आपण बोलताना तीन वेगळे प्रश्न एकात मिसळतो. पहिला प्रश्न कारणाचा : हे घडलं कशामुळे? दुसरा प्रश्न दोषाचा : याबद्दल बोल कुणाला लावायचा? तिसरा प्रश्न जबाबदारीचा : आता पुढे कुणी काय करायचं?

हे तिन्ही एक नाहीत. घराला आग लागली, तर गवताचं छप्पर हे कारण असतं. छपराला आपण दोष देत नाही. आग लावणारा शेजारी दोषी असतो. पण आग विझवायची जबाबदारी ज्यांनी लावली नाही त्या सगळ्या गावाची असते. गुन्ह्याच्या बाबतीत मात्र "गरिबीमुळे घडलं" असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं हा गुन्हेगाराला सोडून द्या म्हणतोय. तो फक्त कारण सांगत असतो. आणि "त्यानेच केलं" असं कुणी म्हटलं, की वाटतं याला परिस्थिती दिसतच नाही. तो फक्त दोषाबद्दल बोलत असतो. निम्मी भांडणं इथेच मिटायला हरकत नाही.

गुन्हा आहे की नाही, हे आधी पाहा

दोष कुणाचा हे विचारण्याआधी दोष आहे का, हे विचारायला हवं. आपल्या दोन जिल्ह्यांत तर ते फारच गरजेचं आहे.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात महिलांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. आता समजा, वर्धा नदीपलीकडच्या वणीहून परवान्याच्या दुकानातल्या दोन बाटल्या घेऊन एक माणूस चंद्रपुरात आला. २०१४ मध्ये तो गिऱ्हाईक होता, २०१७ मध्ये आरोपी झाला, २०२२ मध्ये पुन्हा गिऱ्हाईक. त्याचे आईवडील बदलले नाहीत, त्याचा स्वभावही बदलला नाही. बदलला तो कायदा.

किंवा बांबू घ्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ज्या माणसाने त्याच जंगलातून बांबू आणला, त्याला वनखात्याच्या कागदावर चोर म्हणता येत होतं. माडिया घरात मोहाची दारू देवाला वाहिली जाते. मुलगा ते बघत मोठा होतो, तो त्याच्यावरचा संस्कारच आहे. दारूबंदीच्या कायद्यापुढे तीच दारू मुद्देमाल ठरते.

आणखी मागे जायचं तर, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. त्या सरकारच्या लेखी ते गुन्हेगार होते. आज त्याच ठिकाणी लोक अभिवादन करायला जातात.

पण म्हणून सगळेच गुन्हे केवळ कायद्याचे खेळ आहेत, असं म्हणायचं का? नाही. कुणाचा खून करणं, बाईवर हात टाकणं, म्हाताऱ्याला फसवून त्याची जमीन लिहून घेणं, हे कुठल्याही कायद्याच्या आधीही वाईटच होतं. समोरच्या माणसाचं खरंखुरं नुकसान करणारी कृत्यं एका बाजूला, आणि केवळ नियम मोडणारी कृत्यं दुसऱ्या बाजूला, एवढी रेघ आधी ओढू. दुसऱ्या प्रकारात संस्कार आणि निवड यांची चर्चाच बऱ्याचदा गैरलागू असते. पुढचं सगळं बोलणं पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

सगळा दोष संस्कारांना दिला तर?

काही लोकांना वाटतं, संस्कारांना दोष देणं म्हणजे दयाळूपणा. इतिहास तसं सांगत नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याचं तर्कशास्त्र काय होतं? अमुक जमातीत जन्मलेलं मूल त्याच वळणात वाढणार, तेव्हा ते गुन्हेगारच होणार. मग वाट कशाला बघायची? आधीच नोंद करा, हजेरी लावा, कुंपणात ठेवा. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं पिढ्यान्‌पिढ्या तशी राहिली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून या जमातींना आपण विमुक्त म्हणतो.

मंडळी, "संस्कारच माणसाला घडवतात, त्याच्या हातात काही नसतं" हे वाक्य शेवटपर्यंत ताणलं की ते असं कुंपणाशी जाऊन थांबतं. ज्याच्या हातात काही नाही, त्याच्यावर विश्वास तरी कशाला ठेवायचा? माणसाला दोषातून पूर्ण मोकळं करायचं असेल, तर त्याला आधी माणूसपणातूनच बाहेर काढावं लागतं.

हा विचार अजून गेलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये राजुरा तालुक्यात वाघाच्या शिकारीच्या प्रकरणात बाहेरच्या राज्यातल्या लोकांना अटक झाली. त्यानंतर आपल्याकडे काय बोललं गेलं? ती जमातच तशी आहे. आता, फासे लावायचं कसब वडिलांकडून मुलाकडे जात असेलही. पण वाघाच्या कातड्याला आणि हाडांना परदेशात गिऱ्हाईक आहे, मधे दलाल आहेत, पैसे पुरवणारे आहेत. त्या दलालाचे आणि परदेशी गिऱ्हाइकाचे संस्कार कुठल्या जमातीचे, हे कुणी विचारत नाही. संस्कारांचा मुद्दा आपण फक्त गरिबांच्या बाबतीत काढतो. बँक बुडवणाऱ्याच्या आईने त्याला काय शिकवलं, याची चौकशी कधी झाल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

शिवाय या मताने एका मोठ्या वर्गाचा अपमान होतो. अत्यंत हलाखीत वाढलेली बहुसंख्य माणसं कधी कुणाच्या काडीलाही हात लावत नाहीत. परिस्थितीच गुन्हा घडवते असं म्हटलं, तर या माणसांच्या प्रामाणिकपणाचं श्रेय आपण कुणाला देणार?

सगळा दोष निवडीला दिला तर?

आता दुसरी बाजू. इथे नेहमीचा पुरावा म्हणजे दोन भावांचा. "एकाच घरात वाढले, एक मास्तर झाला, एक चोर झाला. मग संस्कारांचा काय संबंध?" ऐकायला हे बिनतोड वाटतं, पण ते तसं नाही. एकच घर म्हणजे एकच संगोपन नव्हे. थोरला सहा वर्षांचा होता तेव्हा बापाला कोळसा खाणीत काम होतं. धाकटा सहा वर्षांचा झाला तेव्हा काम गेलं होतं आणि बाप पिऊ लागला होता. थोरल्याला एक चांगले गुरुजी भेटले, धाकट्याच्या वेळी त्यांची बदली झाली होती. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही भाऊ एका छपराखाली दिसतात. आत दोघांची बालपणं वेगळी असतात.

निवड म्हणजे काय, हेही पाहायला हवं. निवड करायला समोर किमान दोन वाटा लागतात, आणि त्या माणसाला दिसाव्याही लागतात. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या समाजात चोरी हे पोट भरायचं साधन म्हणून शिकवलं जात होतं, त्या समाजातल्या बालपणाची ती हकीकत आहे. त्यांनी वेगळी वाट धरली, ही त्यांची निवड खरीच. पण त्याआधी त्यांना शाळेत घातलं गेलं होतं. एकाच्या निवडीसाठी दुसऱ्या कुणीतरी आधी दार उघडावं लागतं.

ॲरिस्टॉटलने यावर दोन हजार वर्षांपूर्वी फार नेमका विचार केला आहे. त्याच्या मते स्वभाव सवयींतून घडतो आणि सवयी लहानपणापासून लागतात, म्हणून लहानपणीच्या वळणाला तो फार महत्त्व देतो. तरीही स्वभावाची जबाबदारी तो माणसावरच ठेवतो, कारण प्रत्येक वेळी त्या सवयीप्रमाणे वागणं हे काही अंशी आपल्या हातात होतं. त्याचा दाखला हातातल्या दगडाचा आहे : एकदा भिरकावला की परत घेता येत नाही, पण भिरकावणं आपल्या हातात होतं. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की कुणाच्या हाती लहानपणीच दगड देऊन ठेवलेला असतो, आणि कुणाच्या हाती पेन.

वाल्याची गोष्ट पुन्हा ऐकू

आपल्या भाषेत या प्रश्नावरची सगळ्यात ओळखीची गोष्ट म्हणजे वाल्याची. वाटसरूंना मारायचा, लुटायचा, दर माणसामागे एक खडा रांजणात टाकायचा. सात रांजण भरले. मग नारद भेटले आणि त्यांनी विचारलं, हे पाप तू ज्यांच्यासाठी करतोस, ते त्यात वाटेकरी होतील का? वाल्या घरी गेला. बायको, मुलं, आईवडील, सगळे म्हणाले, आम्हाला पोसणं तुझं काम, पाप तुझं तू बघ.

लहानपणी ही गोष्ट आपल्याला निवडीची गोष्ट म्हणून सांगितली गेली. ज्याचं पाप त्याच्या माथी. पण नीट ऐका. घरच्यांनी पाप नाकारलं, अन्न मात्र कधी नाकारलं नव्हतं. त्यांचा वाटा नव्हताच, असं गोष्ट म्हणत नाही. त्यांनी तो घ्यायला नकार दिला, एवढंच म्हणते. आणि दुसरी गोष्ट, सात रांजण भरेपर्यंत वाल्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. प्रश्न विचारला गेला आणि त्या क्षणी त्याच्यापुढे पहिल्यांदा दोन वाटा उभ्या राहिल्या. तिथून पुढे तो बदलला, ते मात्र त्याचं स्वतःचं.

या गोष्टीतून आम्हाला आजचा मुख्य मुद्दा काढायचा आहे. आपण दोषाला भाकरीसारखं समजतो. अर्धी भाकरी संस्कारांना दिली की गुन्हेगाराच्या वाट्याला अर्धीच उरणार. इथेच आपलं चुकतं. दोषाची भाकरी नसते. दोघांनी मिळून एकाला विहिरीत ढकललं, तर प्रत्येकाचा दोष निम्मा होत नाही. वाल्याच्या घरच्यांचा वाटा मोठा मानला, म्हणून वाल्याचा वाटा लहान होत नाही. आईबाप, गाव, शाळा, सरकार यांच्या वाट्याचा हिशेब मांडणं आणि गुन्हेगाराचा हिशेब मांडणं, ही दोन स्वतंत्र कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

अर्थात, परिस्थितीने गुन्हेगाराचा दोष कधीच कमी होत नाही, असं नाही. होतो, पण कधी? जेव्हा परिस्थितीने त्याची समजण्याची शक्ती किंवा दुसरी वाट खरोखरच बंद केली असेल तेव्हा. नुसतं "त्याचं बालपण वाईट होतं" एवढं पुरत नाही. त्या बालपणाने नेमकं काय हिरावून घेतलं, हे दाखवावं लागतं.

कायदा काय करतो

आपला कायदा हा फरक बऱ्यापैकी ओळखतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा मानलं जात नाही. सात ते बारा वर्षांत त्याला समज आली होती का, हे पाहतात. २०१५ चा बालन्याय कायदा सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे तपासायला सांगतो. पहा, क्षमता आणि परिस्थिती दोन्ही. फाशीच्या बाबतीत बचनसिंग खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहा. २०२२ च्या मनोज खटल्यात तर आरोपीची लहानपणची कौटुंबिक पार्श्वभूमी, शिक्षण, आर्थिक स्थिती ही माहिती न्यायालयापुढे आलीच पाहिजे, असं ठरवलं. माणूस दोषी ठरतो तो त्याच्या कृत्यावरून. शिक्षा किती, हे ठरवताना त्याचं आयुष्य पाहिलं जातं.

याच बालन्याय कायद्यात आपल्या दोन जिल्ह्यांसाठीच लिहिल्यासारखी दोन कलमं आहेत. कलम ७८ : मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ विकून घेणाऱ्याला, वाहून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. कलम ८३ : केंद्र सरकारने जाहीर केलेल्या सशस्त्र गटाने मुलांना भरती केलं, वापरलं, तरीही तेवढीच शिक्षा. चंद्रपूरची दारूबंदी उठवताना जी कारणं सांगितली गेली, त्यांत अवैध दारूच्या धंद्यात बायका आणि मुलं ओढली गेली, हेही एक होतं. बंदी असावी की नसावी, हा आजचा विषय नाही. आम्ही एवढंच विचारतो, की दुचाकीवर पेट्या घेऊन पकडलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाची चर्चा आपण पुष्कळ केली. त्या पेट्या त्याच्या हाती देणाऱ्या मोठ्या माणसाच्या निवडीची चर्चा किती केली?

दलमची वाट

आता सगळ्यात अवघड उदाहरण. चाळीस वर्षांहून अधिक काळ गडचिरोलीच्या जंगलातून तरुण मुलंमुली दलममध्ये गेली. १ जानेवारी २०२५ रोजी ताराक्का या मोठ्या नेत्या मुख्यमंत्र्यांसमोर शरण आल्या. त्या इथल्याच, अहेरी तालुक्यातल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे पती भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आले. ते तेलंगणातले, शिकलेल्या घरातले. त्यांचे भाऊ किशनजी याच चळवळीत होते आणि २०११ मध्ये मारले गेले.

आता संस्कारवाद्याला विचारा : एक जंगलातल्या आदिवासी घरातली मुलगी, दुसरा शहरगावातल्या शिकलेल्या घरातला मुलगा. संस्कार इतके वेगळे, तर वाट एक कशी झाली? आणि निवडवाद्याला विचारा : पुस्तकं वाचून, विचार करून गेलेल्या पदवीधराची निवड, आणि गावात बंदूकधारी आले, दुसरीकडे पोलिसांचा संशय, मधे शाळा नाही, रस्ता नाही, अशा ठिकाणी पंधराव्या-सोळाव्या वर्षी गेलेल्या मुलाची निवड, या दोन्हींना तुम्ही एकच शब्द कसा लावता?

आमचं उत्तर असं. ज्याला जास्त वाटा दिसत होत्या, त्याचा दोष जास्त. इथे शिक्षण आणि चांगलं घर या गोष्टी दोष कमी करत नाहीत, वाढवतात. आणि कोवळ्या वयात गेलेला मुलगा तिशीत पोहोचला, आणि तरीही त्याने खबऱ्या ठरवून एका गावकऱ्याला मारलं, तर तोवर त्याला समज आलेली होती. त्या कृत्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल. भरतीचा दोष भरती करणाऱ्यांचा, खुनाचा दोष त्याचा. भाकरी वाटायची नाही.

हे कुणी कुणाला म्हणायचं?

एक मुद्दा राहिला. "माझ्या परिस्थितीने मला असं केलं" हे वाक्य खरं असलं, तरी ते कुणाच्या तोंडी शोभतं? न्यायाधीशाच्या तोंडी, समाजसेवकाच्या तोंडी, शेजाऱ्याच्या तोंडी शोभतं. करणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. कारण ज्या क्षणी तो ते म्हणतो, त्या क्षणी तो स्वतःकडे वस्तू म्हणून बघायला लागतो. त्याच्यासाठी योग्य वाक्य एकच : "मी केलं." परिस्थिती आठवायचं काम इतरांचं आहे, कृत्य आठवायचं काम त्याचं.

उलट बाजूने, ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घरी जाऊन मारणाऱ्याच्या बालपणाची कहाणी सांगू नये. इंग्रज तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ मध्ये दाखवून दिलं, की राग, चीड या भावना म्हणजे समोरच्याला आपण माणूस मानतो याचीच खूण आहे. दगड डोक्यात पडला तर आपण दगडावर रागावत नाही. त्या घराचा राग न्याय्य आहे. तो सोडायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं. आपण त्यांना समजुतीच्या गोष्टी सांगायच्या नाहीत.

आणि तिसरं, आईबद्दल. संस्कारांचा दोष द्यायची वेळ आली की आपल्याकडे तो सरळ आईच्या पदरात पडतो. दरवर्षी मिरची तोडायला आपल्या भागातली माणसं तेलंगणात जातात, महिना-दोन महिने. पोरं आजीजवळ राहतात, नाहीतर बरोबर जातात. त्या बाईला "लक्ष नाही दिलं" म्हणणं सोपं आहे. दुसरीकडे हजारो आदिवासी मुलं सहाव्या-सातव्या वर्षापासून आश्रमशाळेत राहतात. वर्षातले बहुतेक महिने त्यांचे जेवण, झोप, अभ्यास, आजारपण हे सगळं शाळेच्या हाती असतं. मग त्यांच्या संगोपनात काही उणं राहिलं, तर ते संगोपन करणारं कोण होतं? संस्कारांना दोष द्यायचाच असेल, तर पालक म्हणून आधी सरकारचं आणि आपलं नाव लिहावं लागेल.

मग करायचं काय?

पुढच्या वेळी अशी बातमी कानावर आली, की चार प्रश्न क्रमाने विचारू. यात कुणाचं खरंखुरं नुकसान झालं आहे का? करणाऱ्याला त्या वेळी दुसरी वाट दिसत होती का, आणि किती स्पष्ट? त्याच्या हाती हे साधन देणारं, त्यावर पोट भरणारं कोण होतं? आणि तो परत येऊ पाहत असेल, तर त्याच्यासाठी आपण कुठलं दार उघडं ठेवलं आहे?

शेवटचा प्रश्न आज आपल्यासाठी सगळ्यात तातडीचा आहे. शेकडो माणसं जंगलातून परत आली आहेत. काहींना कोनसरीच्या पोलाद प्रकल्पात काम मिळालं, काहींनी शिवणयंत्र घेतलं, काहींनी संसार मांडला. बालन्याय कायदा सांगतो, की मुलाने केलेल्या गुन्ह्याचा डाग पुढच्या आयुष्यात त्याच्या आड येऊ नये. कागद तसं म्हणतो. पण खोली भाड्याने देताना, सोयरीक जुळवताना, कामावर ठेवताना आपण काय म्हणतो? "तो त्यातलाच ना?" इथे संस्कार आणि निवड ही चर्चा आपल्यावर उलटते. काल त्याला वाट नव्हती, असं आपण म्हणत असू, तर आज ती देणं आपल्या हातात आहे. आणि काल त्याने निवड केली होती, असं म्हणत असू, तर परत येण्याचीही निवड त्यानेच केली. तिचंही श्रेय त्याला द्यायला हवं.

दोन्ही बाजूंनी विचार केला तरी दार लावून घेण्याचं कारण आम्हाला सापडत नाही. ज्यांचा माणूस गेला त्या घरांना मात्र आपण विसरायचं नाही. त्यांच्यासाठीही नोकरी, मदत, चौकशी तितकीच हवी. परतणाऱ्याला दिलं आणि गमावणाऱ्याला विसरलं, तर तो न्याय होणार नाही, आणि गाव तो मानणारही नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण शिक्षा कशासाठी असते, सूड, धाक की सुधारणा, हा प्रश्न घेऊ. तोपर्यंत आजच्या मुद्द्यांवर घरी जरूर वाद घाला, विशेषतः मुलांशी. त्यांच्या हाती अजून दगडही नाही आणि पेनही पुरतं नाही.